चाळिशीनंतर आयटीतली खुर्ची हलायला लागली तर: राजीनाम्यावर सही करण्याआधी

एचआरकडून 'पाच मिनिटं बोलायचं होतं' असा निरोप येतो तेव्हा कागद बहुतेक वेळा आधीच तयार असतो. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. समोरचा माणूस सौम्यपणे सांगतो की आज सही केली तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाही केली तर 'टर्मिनेशन' लागेल आणि पुढच्या कंपनीच्या तपासणीत ते दिसेल. त्या खोलीत सही करायची नाही. पोर्टलवर जाऊन राजीनाम्याचं बटणही दाबायचं नाही. 'मला लेखी द्या, वाचून उत्तर देतो' एवढंच बोलून उठायचं. त्याच दिवशी स्वतःच्या खासगी ईमेलवरून एचआरला चार ओळी पाठवायच्या: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी स्वतःहून राजीनामा देत नाही, कंपनीचा निर्णय असेल तर कारणासह लेखी कळवावा. ऑफिसच्या ईमेलवरून पाठवलं तर संध्याकाळी लॅपटॉप लॉक झाल्यावर पुरावाही कुलपातच राहतो.

एका सहीने किती पैसे जातात ते पुढे आकड्यांत येईलच. आधी हे असं का होतं ते नीट समजून घ्यावं. ते कारण कळलं की आपल्यावर पाळी कधी येणार याचा अंदाज येतो.

आयटी सेवा कंपन्यांचा नफा पिरॅमिडवर चालतो. खाली भरपूर फ्रेशर, मध्ये थोडे, वर मोजके. फ्रेशरचं वार्षिक पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास असतं आणि पंधरा वर्षं काढलेल्याचं पंचवीस लाख, म्हणजे एका खुर्चीच्या खर्चात सात मुलं बसतात. प्रोजेक्ट 'फिक्स्ड प्राइस' असेल तर क्लायंटकडून येणारी रक्कम ठरलेली, म्हणून माणूस जितका स्वस्त तितका कंपनीचा हिस्सा मोठा. 'टाइम अँड मटेरियल'मध्ये क्लायंट भूमिकेनुसार पैसे मोजतो, तिथे आर्किटेक्टचा दर वेगळा मिळतो आणि अनुभवी माणूस थोडा जास्त टिकतो. आपला प्रोजेक्ट यातला कोणता हे डिलिव्हरी मॅनेजरला आजच विचारून ठेवा. फिक्स्ड प्राइसवरच्या मेंटेनन्समध्ये तीन वर्षं झाली असतील आणि शेजारच्या खुर्चीवर दोन नवी मुलं 'नॉलेज ट्रान्सफर'साठी आणून बसवली असतील, तर तयारीला लागायचं. मधली फळी पातळ करण्याचं धोरण आता उघडपणे जाहीर होतं. ठाण्यात मोठे कॅम्पस असलेल्या टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या स्तरांवरची. त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी वर्षात किमान २२५ दिवस बिलिंग (क्लायंटकडून पैसे मिळणारं काम) आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच (प्रोजेक्टविना बसणं) असा नियम आणला होता. म्हणून आपले या वर्षीचे बिलेबल दिवस प्रत्येकाला तोंडपाठ हवेत, कंपनी कोणतीही असो.

आता पैशांचं. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. आपल्याकडे बेसिक मुद्दाम लहान ठेवायची पद्धत असल्यामुळे याचा परिणाम मोठा आहे.

समजा महिन्याचा एकूण मोबदला १,४०,००० रुपये, त्यात बेसिक ४२,००० आणि नोकरी १४ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून १५ वर्षं. ग्रॅच्युइटीचं सूत्र: वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. जुन्या पद्धतीने बेसिकवर काढली तर ३,६३,४६२ रुपये येतात. नव्या व्याख्येप्रमाणे वेतन ७०,००० धरलं तर ६,०५,७६९. फरक २ लाख ४२ हजारांचा. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनंच सूत्र राहिलेलं असू शकतं, तेव्हा फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर ग्रॅच्युइटी कोणत्या आकड्यावर काढली तो रकाना बोट ठेवून तपासा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि २० लाखांपर्यंत ती करमुक्त आहे. थकलेला पगार तर नोकरी संपल्यापासून दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे, मग राजीनामा असो वा काढून टाकणं. '४५ दिवसांनी फुल अँड फायनल' हे जुनं वाक्य ऐकून घ्यायचं कारण नाही.

ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते. पण कंपनीने कपात म्हणून काढलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'रिट्रेंचमेंट' केली, तर त्यावर आणखी रकमा येतात: एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, आणि पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचं वेतन, जे ४५ दिवसांत खात्यावर यायला हवं. वरच्याच उदाहरणात वर्षामागे ३५,००० प्रमाणे १५ वर्षांचे ५,२५,००० झाले. त्यात नोटिशीचे ७०,००० आणि निधीचे ३५,००० मिळवा. 'वैयक्तिक कारणास्तव' या दोन शब्दांची किंमत अशी ६ लाख ३० हजार रुपये होते. करारात नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर कंपनीने आपल्याला तेवढाच पगार देणं लागतं, म्हणजे ही रक्कम वाढते.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच ओळखून घ्यावी. हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. तांत्रिक काम करणारा त्यात येतो. व्यवस्थापकीय काम करणारा येत नाही, आणि १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा सुपरवायझरही येत नाही. कंपनी लगेच म्हणते, तुम्ही तर 'असोसिएट मॅनेजर'. पण पदनामाने ठरत नाही, रोजच्या कामाने ठरतं. तुम्ही रजा मंजूर करता का, माणूस घेण्या-काढण्याचा अधिकार आहे का, अप्रेझलचा अंतिम शब्द तुमचा आहे का? की दिवसभर कोड, डिझाइन, टिकिटं आणि रात्री प्रॉडक्शन सपोर्ट? घरच्या वहीत रोज चार ओळी लिहायला सुरुवात करा: तारीख, काय केलं, कोणी सांगितलं. तीन महिन्यांची अशी वही सुनावणीत फार उपयोगी पडते. मात्र कोड, क्लायंटचे ईमेल किंवा स्क्रीनशॉट खासगी खात्यावर पाठवू नका. गैरवर्तनाचा ठपका ठेवायला कंपनीला तेवढं निमित्त पुरतं, आणि गैरवर्तनासाठी काढलं की वरची नुकसानभरपाई बुडते.

याच कायद्यात एक तरतूद आहे, जी या सगळ्या प्रकरणाच्या मुळावर बोट ठेवते. एका वर्गातल्या कामगारांत कपात करायची असेल तर सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. कंपनीला हा क्रम मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, चार नव्या संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपातीनंतर वर्षभरात कंपनीने त्या कामासाठी माणसं घेतली तर काढलेल्यांना आधी विचारायचं, हेही त्यात आहे. त्यामुळे दोन फ्रेशर ठेवून तुम्हाला काढत असतील तर लेखी प्रश्न साधा ठेवा: ज्येष्ठता यादी कुठे आहे आणि क्रम मोडण्याचं नोंदवलेलं कारण काय? वयावरून भेदभाव झाला म्हणून खासगी कंपनीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क अमेरिकेत ४० वर्षांवरच्यांना १९६७च्या कायद्याने मिळतो, तसा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून 'माझं वय बघून काढलं' या वाक्यापेक्षा ज्येष्ठता यादीचा मुद्दा कितीतरी भक्कम.

तक्रार कुठे करायची हे ऑफिस कुठे आहे त्यावर ठरतं, घर कुठे त्यावर नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, वाशी, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात मोडतं, म्हणून ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय. खारघर, कळंबोली, पनवेल नवी मुंबईत म्हणत असलो तरी जिल्हा रायगड. ही चूक फार जण करतात आणि अर्ज फिरत राहतो. अर्जासोबत नेमणूकपत्र, शेवटच्या १२ पेस्लिप, अप्रेझलची पत्रं, काढल्याचं पत्र किंवा तो पहिल्या दिवशीचा ईमेल जोडा. तडजोड अधिकाऱ्यासमोर ४५ दिवसांत सुटलं नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. एकट्याने जमत नसेल तर पुण्याहून चालणारी 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशी प्रकरणं हाताळते.

सगळ्यांनी लढावंच असं नाही. घोडबंदरला फ्लॅटचा हप्ता, बारावीतलं पोर आणि घरी आजारी आई असेल तर तडजोड घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. फक्त तडजोड भावावर व्हावी. नोटिशीचा पूर्ण पगार, वर्षामागे किमान १५ दिवस, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंगची वसुली माफ, ग्रुप विमा पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत चालू, आणि रिलीव्हिंग व अनुभवपत्राचा मसुदा आधी हातात. हे ईमेलवर आलं की मग राजीनामा. आधी राजीनामा आणि मागून 'बघू' असं कबूल करू नका, कारण सही झाल्यावर आपल्याकडे देण्यासारखं काहीच उरत नाही.

काही ठिकाणी थेट काढत नाहीत, आधी पीआयपीवर टाकतात. ६० किंवा ९० दिवसांचा सुधारणा आराखडा आणि त्यात 'ओनरशिप दाखवावी', 'स्टेकहोल्डरशी संवाद सुधारावा' असली मोजता न येणारी उद्दिष्टं. पहिल्या ४८ तासांत उत्तर द्या. प्रत्येक उद्दिष्टाला आकडा आणि तारीख मागा, आधीच्या दोन वर्षांचं रेटिंग त्याच ईमेलमध्ये नोंदवा, दर शुक्रवारी झालेल्या कामाचा अर्ध्या पानाचा अहवाल पाठवा. पीआयपीतून सुखरूप बाहेर येणारे थोडे असतात, पण हे ईमेल पुढे तडजोडीच्या टेबलावर वजन आणतात.

दरम्यान घरची बाजू. पीएफ पोर्टलवर यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) जोडलेला मोबाइल स्वतःचा आहे ना, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते ना, हे आजच पाहा. नोकरी गेल्यावर हे दुरुस्त करायला जुन्या कंपनीची मनधरणी करावी लागू शकते आणि वागळे इस्टेटच्या नाहीतर वाशीच्या पीएफ कार्यालयात खेटे पडतात. पेन्शनची सेवा १० वर्षांच्या आसपास असेल तर ते पैसे काढू नका, ५८व्या वर्षी मिळणारं पेन्शन हातचं जातं. ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपतो. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, म्हणजे आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे. आणि ग्रॅच्युइटी हाती आली की सगळी गृहकर्जात भरून मोकळं व्हायचा मोह होतो. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय ते करू नका. बँक भरलेले पैसे परत देत नाही.

नव्या नोकरीच्या शोधात अनुभवी माणसं सर्वात जास्त चुकतात ती रेझ्युमेत. भरती करणारा नोकरी डॉट कॉमवर बसतो तेव्हा तो आधी चाळण्या लावतो: अनुभव ८ ते १२ वर्षं, सध्याचा पगार इतक्यापर्यंत, नोटीस ३० दिवसांच्या आत, ठिकाण नवी मुंबई. सतरा वर्षं, तीस लाख आणि ९० दिवस असं लिहिलेला माणूस त्याच्या पडद्यावर येतच नाही, मग तो कितीही गुणी असो. अनुभव आणि पगार खोटा लिहू नका, पडताळणीत पकडला जातो. पण नोटीस 'बायआउट शक्य', म्हणजे पैसे भरून कमी होणारी, असेल तर तसं नोंदवा, शेवटचा दिवस ठरला असेल तर तारीख टाका, पसंतीच्या ठिकाणांत ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई ही तिन्ही वेगवेगळी निवडा, आणि प्रोफाइल दर दोन दिवसांनी थोडं बदलून सेव्ह करा, कारण ताजी प्रोफाइलं वर येतात. खुल्या पोर्टलवर कमी आणि जुन्या सहकाऱ्यांच्या रेफरलवर जास्त वेळ घाला, तिथे चाळणी लागत नाही.

रेझ्युमे दोन पानांचा, एका कॉलमचा, तक्ते आणि फोटो नसलेला. शेवटची दहा वर्षं सविस्तर, त्याआधीचं चार ओळींत. 'सोळा वर्षांचा समृद्ध अनुभव, उत्तम नेतृत्वगुण' ही ओळ काढून टाका. तिच्या जागी काय यावं याचा एक नमुना: 'बँकेची रोजची पेमेंट जुळवणी ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर नेली, सहा तासांचा बॅच ५० मिनिटांवर आला, प्रणाली बदलण्याच्या रात्रीसाठी परतीची योजना लिहिली आणि दोनदा तालीम घेतली.' यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. बॅच जलद करणारं पोर मिळेल, पण रात्री दोन वाजता काय फिसकटू शकतं हे आधी ओळखून परतीची वाट तयार ठेवणारा माणूस अनुभवानेच घडतो. आपण विकतो ते हेच. वर्षांचा आकडा दाखवला की समोरचा फक्त पगाराचा हिशोब करतो.

मुलाखतीत 'तुम्ही हँड्स-ऑन आहात का?' हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा दहा वर्षांनी लहान असतो. त्याला 'मी टीम सांभाळतो' असं उत्तर दिलं की गाडी तिथेच थांबते. आठ आठवडे रोज दीड तास स्वतःच्या हाताने कोड लिहा. त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप हवा, किमान १६ जीबी रॅमचा, कारण कंपनीचा कधी काढून घेतील सांगता येत नाही. एआयची साधनं वापरायला शिका, पण सराव करताना ती बंद ठेवा. कोऱ्या पडद्यासमोर बोटं अडखळतात, हे लक्षात आलेलं बरं, पण घरी.

काम कुठे शोधायचं? ठाणे-बेलापूर पट्ट्यात सेवा कंपन्यांपलीकडे बरंच आहे. ऐरोली, रबाळे, महापेला देशातली मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत आणि पनवेललाही. नेटवर्क, स्टोरेज, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणांचं नियंत्रण), आपत्कालीन पुनर्स्थापना यातला जुना माणूस तिथे चालतो. परदेशी बँका-विमा कंपन्यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं पिरॅमिडवर चालत नाहीत, तिथे एका प्रणालीचा खोल जाणकार लागतो. शिवाय नियमपालनाचं काम वाढतंय. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. जुन्या प्रणालीत कोणाचा डेटा कुठल्या टेबलात पडलाय हे शोधायला ती प्रणाली पाहिलेलाच लागतो.

व्हिसाबद्दल थोडं, कारण 'ऑनसाइट, म्हणजे परदेशी क्लायंटकडे, गेलो की सुटलो' असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेतही हेच गणित आहे. तिथे शिकून बाहेर पडलेला परदेशी विद्यार्थी ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने आणि तांत्रिक पदवी असेल तर आणखी २४ महिने काम करू शकतो, आणि या काळात बहुतेकदा त्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के वाटा पडत नाही. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या अर्जात वेतनाचे चार स्तर असतात आणि पहिले दोन त्या भागातल्या मध्यम वेतनाच्या खालचे. अनुभवी स्थानिक इंजिनिअर महाग वाटतो तो त्यामुळे. सप्टेंबर २०२५मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लागल्यापासून इथून माणूस पाठवण्याचा हिशोबही बदलला. तरीही ऑफर आली तर तीन गोष्टी पाहा. एलसीए, म्हणजे तुमच्या पगाराबद्दल कंपनीने अमेरिकी कामगार खात्याला दिलेला कागद, त्याची प्रत मागा, ती मिळणं तुमचा हक्क आहे. त्यावर १५ वर्षांच्या अनुभवाला स्तर १ किंवा २ लावला असेल तर तुम्हाला स्वस्तात नेलं जातंय. अर्जाचं शुल्क आणि वकिलाचा खर्च तुमच्या पगारातून कापू देऊ नका. आणि तिथे प्रोजेक्ट नसताना बिनपगारी बसवणं नियमाविरुद्ध आहे. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, म्हणून इथलं घर आणि मुलांची शाळा पहिल्या वर्षी मोडू नका.

स्वतंत्र सल्लागार म्हणून काम घ्यायचं असेल तर दर आधी नीट काढा. २४ लाखांचं पॅकेज वर्षातल्या २०० बिलेबल दिवसांनी भागलं तर दिवसाला १२,००० होतात, पण त्यात सुट्ट्या, विमा, पीएफ आणि दोन कामांमधला रिकामा काळ नाही. १५-१६ हजारांच्या खाली बोलू नका. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. परदेशी क्लायंट असेल तर एलयूटी हे हमीपत्र भरून बिनकराचं बिल देता येतं. तांत्रिक सल्लागाराला अनुमानित कराचा मार्ग खुला आहे, ज्यात ५० लाखांपर्यंतच्या आणि रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेतला निम्मा नफा धरून कर भरता येतो आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो.

पहिलं बिल पाठवण्याआधी उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या, ती फुकट आहे आणि आधार-पॅनवर घरबसल्या होते. तो क्रमांक बिलावर छापला की क्लायंटला करार असेल तर ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. करारात '९० दिवसांनी पेमेंट' असं कलम आलं तर सही करण्याआधी हाच नियम दाखवून ते ४५वर आणून घ्या.